चालत्या सायकलचं माप

हार्डटेल एमटीबीचा, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेल्या डोंगरी सायकलचा, पुढचं चाक धरणारा सस्पेन्शन फोर्क काढून त्या जागी साधा, न दबणारा फोर्क बसवायचा ठरवलं की ओळखीतले सायकलवाले आधी वजन विचारतात. मग स्टील की कार्बन, मग रंग. लांबी विचारलीच तर सगळ्यात शेवटी, आणि तीही ‘शंभर एमएमच्या बदली कितीचा घेतलास?’ अशी. मला हा क्रम उलटा वाटतो. वजन अर्धा-एक किलो इकडेतिकडे झालं तरी सायकल तीच राहते. लांबी वीस-पंचवीस मिलिमीटरने हुकली तर हातात वेगळीच सायकल येते.

ही लांबी म्हणजे चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या क्राउनवर, म्हणजे दोन्ही पाय वर जुळतात त्या जोडावर, हेडसेटची (फोर्क फिरतो त्या बेअरिंगची) खालची रेस म्हणजे कडी बसते तिथपर्यंतचं अंतर. टायर त्यात धरायचा नाही, वर फ्रेममधून हँडलकडे जाणारी स्टीअरर ट्यूबही नाही. काही कंपन्या हे अंतर सरळ तिरपं मोजतात, काही स्टीअररच्या रेषेला समांतर. ४८३ मिलिमीटरच्या आणि ४५ मिलिमीटर ऑफसेटच्या (ॲक्सल स्टीअररच्या रेषेच्या तेवढा पुढे असलेल्या) फोर्कमध्ये या दोन पद्धतींचा फरक जेमतेम दोन मिलिमीटर येतो. त्यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. जागवायला पुढे बरंच आहे.

माझी सायकल ॲल्युमिनियमची, २९ इंची चाकांची, पुढे १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा, कॉइल स्प्रिंगचा फोर्क. मी साताऱ्यात राहते. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासवरून पुढे बामणोलीच्या अंगाने उतरायचं, नाहीतर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मुरमाड वाटा. (पठारावर चाक घालत नाही. फुलांवरून सायकल नेऊन फोटो काढणाऱ्यांना काय म्हणावं हे इथे लिहिण्यासारखं नाही.) खाली काळा दगड आणि मुरूम, वर जांभा. उन्हाळ्यात पिठासारखी धूळ, पावसाळ्यात तांबडा चिखल, आणि दोन्हींची पहिली वस्ती फोर्कच्या सीलमध्ये. अडीच किलोच्या आसपासचा तो फोर्क दर पावसाळ्यानंतर करकरायला लागायचा. उघडा, पुसा, ग्रीस भरा, पुन्हा तेच. शेवटी वरच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके आले, आणि साधा फोर्क लावायचं ठरलं.

आमचे सायकलवाले चाचा हे ऐकून हसले. “ताई, लोक चिमटा (त्यांच्या भाषेत साधा फोर्क) काढून शॉकअप घालून घेत्यात. तुम्ही उलटं चाललाय.” मग जरा थांबून म्हणाले, “पण किती उंच आणणार? शॉकअप एवढा का खाली?”

प्रश्न नेमका होता. पट्टी लावली तर जुना फोर्क ५०८ मिलिमीटर भरला. बाजारात २९ इंची चाकाला चालणारे साधे फोर्क मुख्यतः ४६८ ते ४९० च्या दरम्यान मिळतात. म्हणजे मिळेल तो फोर्क जुन्याहून आखूडच. प्रश्न फक्त किती आखूड चालेल, एवढाच उरतो.

आखूड फोर्कने काय होतं हे समजायला भूमिती फार लागत नाही. बाजेच्या एका बाजूच्या दोन्ही पायांखालच्या विटा काढल्या तर फक्त तेवढी बाजू खाली येत नाही, अख्खी बाज कलते आणि मधला माणूसही थोडा खाली जातो. सायकल तशीच मागच्या ॲक्सलभोवती फिरते. फोर्क २० मिलिमीटरने आखूड झाला की हेड अँगल, म्हणजे फोर्क बसतो त्या पुढच्या हेडट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, साधारण एक अंशाने उभा होतो. सीटट्यूबही एका अंशाने उभी होते, खोगिराचं नाक तेवढंच खाली झुकतं. आणि मागच्या व पुढच्या ॲक्सलच्या मध्ये, मागच्याला जवळ असलेला बीबी, म्हणजे पॅडल ज्याभोवती फिरतात तो आस, सात-साडेसात मिलिमीटर खाली येतो. हँडल खाली जातं ते वेगळंच.

हेड अँगल उभा झाला की ट्रेल कमी होतो. स्टीअररची रेषा जमिनीला जिथे टेकते त्याच्या किती मागे टायर टेकतो, ते अंतर म्हणजे ट्रेल. ७० अंशांचा कोन, ४५ चा ऑफसेट आणि २९ इंची चाक असेल तर ट्रेल ८६ मिलिमीटरच्या आसपास येतो. एक अंशाला तो सुमारे सात मिलिमीटरने बदलतो. ट्रेल जास्त असेल तर वेगात चाक आपली रेषा सोडत नाही, पण रांगत चढताना हँडल इकडेतिकडे कलंडतं. कमी असेल तर बोटाच्या इशाऱ्यावर वळते, आणि उतारावर त्याच गुणाचा धाक वाटायला लागतो. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकली आठवा, रॉड ब्रेकवाल्या, २८ इंची. त्यांचा हेड अँगल चांगलाच निजलेला आणि फोर्क पुढे लांब वाकवलेला असे. मागे दुधाचे कॅन लटकवून खड्ड्यांच्या रस्त्यावर सरळ चालायचं, एवढंच त्यांना करायचं होतं, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

साध्या फोर्कच्या लांबीचा हा घोळ मुळात सस्पेन्शननेच आणला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली रिपॅकच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांचेच फोर्क न दबणारे होते, त्यामुळे फ्रेम आणि फोर्क एकमेकांसाठीच बनत. १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा सस्पेन्शन फोर्क आला, जेमतेम ४८ मिलिमीटर ट्रॅव्हलचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या दुरांगोला झालेल्या एमटीबीच्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत डाउनहिल, म्हणजे उताराची शर्यत, जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलला सस्पेन्शन होतं. त्यानंतर फ्रेम बनवणाऱ्यांना पुढून उंच फोर्क येणार हे गृहीत धरूनच हेडट्यूब वर न्यावी लागली. साध्या फोर्कचेही मग प्रकार पडले. नव्वदच्या आधीच्या २६ इंची सायकलींचे फोर्क ३९०-४०० च्या घरातले, मग ८० मिलिमीटरच्या सस्पेन्शनची बरोबरी करणारे, मग १०० ची. आजही भंगारात सापडलेला तो ३९५ चा सुंदर क्रोमोली स्टीलचा फोर्क १०० मिलिमीटरसाठी आखलेल्या फ्रेमला लावणारे लोक भेटतात. २६ इंचीत ४७० च्या जागी ३९५, म्हणजे हेड अँगल साडेतीन-चार अंशांनी उभा, आणि बीबी जवळजवळ तीन सेंटीमीटर खाली. अशी सायकल दिसायला देखणी असते. चालवून बघा मात्र सपाटीवरच.

आता नेहमी मिळणारा सल्ला. सस्पेन्शन फोर्क कोणी पूर्ण ताणलेला चालवत नाही. स्वार बसला की तो थोडा दबतो, त्याला सॅग म्हणतात, आणि तो ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के धरतात. म्हणून १०० च्या फोर्कमधून २०-२५ वजा करा, उरेल ती साध्या फोर्कची लांबी. ५०८ मधून २५ गेले, ४८३ उरले. सर्ली कंपनीच्या कराटे मंकी या २९ इंची सायकलच्या फोर्कची लांबीही आता ४८३ च आहे. आधी तिचा फोर्क ४६८ चा होता. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल वाढत गेला तसे साधे फोर्कही मागोमाग उंच झाले.

सल्ला बरोबर आहे, पण तो कोणासाठी? माझं वजन ५२ किलो. त्या कॉइलच्या फोर्कला हवा भरायची सोय नव्हती, वर प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंग आधीच आवळून ठेवणारं, बटण होतं आणि ते पूर्ण सैल करूनही आतली स्प्रिंग माझ्यापेक्षा दीडपट वजनाच्या माणसासाठीच घातलेली होती. म्हणून एका नळीला झिप टाय घट्ट बांधला, सीलला टेकवला, नेहमीची पाठपिशवी घेऊन सावकाश सायकलवर बसले आणि तशीच उतरले. झिप टाय ११ मिलिमीटर वर सरकला होता. उभं राहून पॅडलवर वजन दिलं तर १४. पंचवीस नाहीच. म्हणजे मी इतकी वर्षं जी सायकल चालवत होते तिचा फोर्क प्रत्यक्षात ४९५ च्या आसपासचा होता. दुकानात भिंतीला टेकवलेल्या सायकलचा ५०८, सल्ला देणाऱ्यांच्या डोक्यातला ४८३, आणि माझा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

ज्या सायकलचा कोन, उंची, वळण आपल्याला आवडतं ती सायकल आपल्या वजनाखाली दबलेली असते, हे एकदा ध्यानात आलं की कॅटलॉगचे आकडेही नीट वाचता येतात. माझ्या फ्रेमच्या तक्त्यात हेड अँगल ६९.५ लिहिला होता. काही कंपन्या हा कोन फोर्क ताणलेला धरून लिहितात, काही सॅग धरून. हे तपासायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. घरातल्या फरशीवर दोन्ही चाकं उभी करून फोन हेडट्यूबला चिकटवला, ६९.५ च दिसलं. म्हणजे तक्ता रिकाम्या सायकलचा होता. मी बसल्यावर साधारण ७० आणि थोडं वर. जाडजूड माणूस बसला असता तर पावणेएकाहत्तर. एकाच फ्रेमवर दोन माणसं दोन सायकली चालवत असतात म्हणायचं.

आणि हेही सपाटीवरचं. सस्पेन्शन फोर्कची लांबी दर क्षणाला बदलते, म्हणून त्याच्याशी बरोबरी करणारा एकच आकडा मुळात नाहीच. चढावर वजन मागे जातं, फोर्क ताणला जातो, पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की उलट. फोर्क ६० मिलिमीटर दबला तर लांबी ४४८ उरते आणि हेड अँगल तीन अंशांनी उभा होतो. नेमका जिथे तो निजलेला हवा, तिथे. न दबणारा फोर्क यातलं काहीच करत नाही. चढावर जेवढा, तेवढाच उतारावर. त्यामुळे सॅगच्या मापाने घेतलेला साधा फोर्क कडक ब्रेकिंगमध्ये भूमितीच्या बाबतीत सस्पेन्शनपेक्षा शांत वागतो. यवतेश्वरच्या वळणांवर हे मला पहिल्याच दिवशी जाणवलं. बसून चढताना पुढचं चाक जागेवर, उतरताना ब्रेक दाबल्यावर पुढे कोलमडल्यासारखं होत नाही. हाताला बसणाऱ्या धक्क्यांची गोष्ट वेगळी, तिच्याकडे येते.

फोर्क विकत घेण्याआधी मला एक चैन करता आली. ओळखीच्या एका मुलाकडे ४६८ चा स्टीलचा फोर्क पडून होता, तो त्याने काही दिवस वापरायला दिला. चाचांनी रेस ठोकून बसवून दिला. माझ्या चालत्या सायकलपेक्षा हा २७ मिलिमीटरने आखूड, म्हणजे साधारण सव्वा-दीड अंश. गावात, पोवई नाक्याच्या गर्दीत, सायकल फार मजेदार झाली. हँडलला नुसता विचार कळत होता. घाट चढताना तर वाटलं हाच ठेवावा. मग अजिंक्यताऱ्याखालच्या बैलगाडीच्या वाटेवर नेली. मला भीती हेड अँगलची होती. तो तसा सांभाळून घेता आला, वेग कमी ठेवला की झालं. सांभाळता आला नाही तो बीबी. तो दहा मिलिमीटरने खाली आला होता, आणि मधल्या उंचवट्यावर उगवलेल्या दगडांना पॅडल घासायला लागलं. आधी ज्या दगडावरून सहज जायचे तिथे खाडकन आवाज. पॅडल अडकून सायकल आडवी जायला बघते. चढावर, जिथे पाय थांबवता येत नाही तिथे, सर्वात जास्त.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. फोर्कच्या लांबीवर बोलताना सगळे हेड अँगलचा जप करतात, पण दगडगोट्यांच्या मुलखात आधी बीबीची उंची बघावी. कोनाशी माणूस जुळवून घेतो, आठवडाभरात हात शिकतात. पॅडल आणि दगड यांच्यातलं अंतर शिकत नाही. ज्याचं चालवणं गुळगुळीत मातीवर किंवा डांबरावर आहे त्याने हवं तर दहा-पंधरा मिलिमीटर आखूड घ्यावा, सायकल चपळ होईल आणि तो खूश राहील. आमच्याकडे मधल्या मापात अडकलात तर लांबाकडे झुका. तेही बेतानेच. फ्रेमसाठी ठरवून दिलेल्या लांबीच्या वर गेलं की हेडट्यूब आणि डाउनट्यूबच्या जोडावर तरफेचा ताण वाढतो, आणि साधा फोर्क तो ताण गिळत नाही, थेट जोडाला देतो.

मला ४९५ हवा होता. ४९० चे फोर्क कार्बनमध्ये दिसले, पण जांभ्याच्या धारदार दगडांवर आपटणाऱ्या वस्तूसाठी मला क्रोमोलीच बरं वाटतं. याला शास्त्रीय कारण विचारू नका, स्वभाव आहे. स्टीलमध्ये ४८३ वर गाडी थांबत होती. बारा मिलिमीटर कुठून आणायचे?

ते हेडसेटमध्ये होते. माझ्या फ्रेमची हेडट्यूब ४४ मिलिमीटर व्यासाची, हेडसेटचा खालचा कप, म्हणजे बेअरिंगची वाटी, आत बुडालेला. त्याऐवजी बाहेर राहणारा कप बसवला की क्राउन आणि फ्रेम यांच्यात सुमारे १२ मिलिमीटर वाढतात. सायकलच्या दृष्टीने ही वाढलेली लांबीच. असा कप टेपर, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या, स्टीअररसाठी असतो, म्हणून सरळ स्टीअररला चालणारी कमी मापाची रेस वेगळी मागवावी लागली. कप दाबून बसवायला चाचांकडे कंपनीचं प्रेस नाही. त्यांनी आट्यांचा रॉड, दोन नट आणि जाड वायसर घेऊन, मधे सागाची फळी धरून, अर्ध्या अर्ध्या आट्याने कप सरळ आत नेला. हे करताना त्यांनी कोणालाही बोलू दिलं नाही. आलेल्या गिऱ्हाइकालाही “थांबा जरा” एवढंच.

मग टायर. सस्पेन्शन गेल्यावर पुढे दबणारी वस्तू टायर ही एकच उरते, त्यामुळे २.२ चा काढून २.४ चा ट्यूबलेस घातला. त्याने चाकाची त्रिज्या आणखी पाच मिलिमीटर वाढली आणि हिशोब ४९५ ऐवजी ५०० वर गेला. पाव अंश, आणि बीबी दोन मिलिमीटर वर. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सगळं बसवून झाल्यावर हँडल मात्र दुकानात खाली गेल्यासारखं वाटलं. ते साहजिक होतं, रिकाम्या सायकलची तुलना रिकाम्या सायकलशी चालली होती. वर बसल्यावर हात जिथे असायचे तिथेच होते. स्टीअरर तरीही लगेच कापला नाही, वर स्पेसर ठेवले. कापलेली नळी परत जोडता येत नाही.

धक्क्यांबद्दल खरं सांगायचं तर ते बसतात. लांब फोर्क मऊ असेल, ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे. तसं काही नसतं. डिस्क ब्रेकचा ताण पेलायला पाय जाड ठेवावेच लागतात, आणि जाड पाय वाकत नाहीत, लांब असोत वा आखूड, सरळ असोत वा बाकदार. लांबी फक्त भूमिती ठरवते. आराम टायरमधल्या हवेत असतो, आणि थोडा कोपरात. माझ्या वजनाला पुढे सोळा-सतरा पीएसआय पुरते. त्याच्या वर गेलं की तळव्याला मुंग्या येतात, फार खाली गेलं की रिमवर दगड वाजतो. खडबडीत उतारावर मी पूर्वीपेक्षा हळू उतरते, आणि साधा फोर्क लावून तुम्ही कुठल्याही उतारावर जलद व्हाल असं कोणी सांगत असेल तर त्याने तो उतार पाहिलेला नाही. बदल्यात वजन सव्वा किलोने उतरलं, पावसाळ्यानंतर उघडायला काही नाही, आणि घाटात पुढचं चाक माझं ऐकतं.

हे सगळं मी कोल्हापूरच्या एका मित्राला सांगितलं, तर त्याने लगेच ‘मग मीही ४८३ घेतो, खाली कप टाकतो’ असं ठरवून टाकलं. त्याची फ्रेम नव्या धाटणीची. १२० मिलिमीटरचा एअर फोर्क, लांबी ५३० च्या आसपास, हेड अँगल साडेपासष्ट, बीबी आधीच बराच खाली. गडी ८५ किलोचा, सॅग तीस-पस्तीस मिलिमीटर येत असणार, म्हणजे चालताना फोर्क ४९५ ते ५००. त्याला ४८३ चा नुसता लावला तरी कोनाचं काही बिघडणार नाही. रिकाम्या सायकलपेक्षा दोन अंशांनी उभा झाला तरी माझ्याहून निजलेलाच राहील, उलट चढावर बरं वाटेल. त्याची अडचण पॅडलची होईल. बीबी आणखी पाच-सहा मिलिमीटर खाली, आणि पन्हाळ्याच्या बाजूला दगडांची काही टंचाई नाही. कप टाकला तर तो जवळजवळ मूळ जागी येतो, पण त्याची हेडट्यूब तो कप घेते का, हे त्याने बघितलेलंच नाही. नसेल घेत तर १७५ ऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक (पॅडलचा दांडा) हा दुसरा रस्ता. त्याला म्हटलं, आधी झिप टाय बांध आणि ‘असणार’ वर विश्वास ठेवू नकोस, माझ्याही नाही. सध्या तो हवेचा दाब बदलून बदलून आकडे पाठवतो आहे, आणि दरवेळी वेगळा आकडा येतो म्हणून वैतागला आहे.